काटकसरीची नीति

काटकसर आणि कंजूषपणा हे दोन शब्द आपल्या घरांत इतके शेजारीं राहतात कीं एकाच्या दारावर दुसऱ्याच्या नांवाची पाटी लागली तरी तें आपल्या ध्यानांत येत नाहीं. आपण हात आंखडला तर ती काटकसर, शेजाऱ्यानें आंखडला तर तो कंजूषपणा, असाच सामान्य हिशेब असतो. दोहोंचें बाह्य लक्षण एकच: जेथें पैसा जावयाचा तेथें तो जात नाहीं. मग एकीला सद्गुणांत बसवावयाचें आणि दुसऱ्याला दुर्गुणांत ढकलावयाचें, तें कशाच्या आधारावर? अ‍ॅरिस्टॉटलनें औदार्याची जागा उधळेपणा आणि कृपणता यांच्या मध्यें दाखविली, हें आपण कॉलेजांत शिकलों. परंतु तेथें विचार मुख्यतः देण्याघेण्याचा आहे. ज्याची थैली हातांतील कामाच्या मानानें लहान आहे त्यानें कोणता खर्च टाळावा आणि कोणता टाळूं नये, हा मध्यम स्थितीच्या कुटुंबांतील रोजचा प्रश्न केवळ मध्यबिंदूवर बोट ठेवल्यानें सुटत नाहीं.

असे प्रश्न एखाद्या प्रत्यक्ष कामांत घालून पाहिले म्हणजे त्यांवर अधिक उजेड पडतो. मी येथें असेंच एक काम घेणार आहें: घरच्या घरीं, मोजक्या पैशांत, मोटारीचें झिजलेलें इंजिन खोलून पुन्हां उभें करणें. साहित्याला वाहिलेल्या मासिकांत ऑइल-ग्रीसचा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें कीं, या कामांत दोन गोष्टी एकत्र येतात. काटकसरीला येथें खरा वाव आहे. आणि जें कांहीं केलें किंवा टाळलें तें बहुतेक सर्व शेवटीं झांकणाखालीं जातें. जेथें पैसा अपुरा आहे आणि पाहणारा कोणी नाहीं, त्या जागेइतकी नीतीची परीक्षा घेणारी दुसरी जागा क्वचितच सांपडेल.

आपल्याकडे या कामाला सर्वांत योग्य आणि परिचित इंजिन म्हणजे प्रीमियर पद्मिनीचें. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांत पुढें इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही मोटार तयार होऊं लागली, आणि १९७४ पासून तीच मोटार पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर, आणि एकूण आकारमान १०८९ घनसेंटिमीटर. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, सर्व डोळ्यांना दिसणारें आणि हाताला लागणारें. त्यांत संगणकाचा कोठें पत्ता नाहीं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं हीं इंजिनें वर्षानुवर्षें खोललीं, जोडलीं आणि पुन्हां रस्त्यावर आणलीं. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. खासगी मालकांच्या पडवींत आणि वाड्यांच्या बोळांत मात्र ती अजून उभी आढळते.

इंजिन थकलें हें कळावयास फारसें शास्त्र लागत नाहीं. मागून निळसर धूर येतो, ऑइलची पातळी आठवड्याला उतरते, चढावर दम तुटतो. परंतु कशानें थकलें हें कळावयास थोडें शास्त्र लागतें, आणि येथेंच काटकसरीचा पहिला धडा आहे. स्पार्क-प्लग काढून त्याच्या भोकाला दाब मोजणारें घड्याळ लावावें, इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरमधील दाब टिपून ठेवावा. मग त्याच भोकांतून चमचाभर ऑइल आंत सोडून पुन्हां मोजावें. ऑइलनें दाब वाढला तर फट पिस्टनच्या रिंगांपाशीं आहे. न वाढला तर दोष व्हॉल्व्हमध्यें किंवा हेडच्या गॅसकेटमध्यें शोधावा. एक चमचा ऑइल आणि दहा मिनिटें, एवढ्या खर्चांत पुढचे कित्येक हजार कोणत्या दिशेनें जावयास हवेत तें ठरतें. उधळ्या मनुष्य मोजल्यावांचून सर्व बदलतो. कंजूष मनुष्य मोजल्यावांचून कांहींच बदलत नाहीं. दोघांचें वागणें परस्परविरुद्ध दिसतें, पण त्यांचें अज्ञान एकच आहे.

पुढें इंजिन उतरवून त्याचे भाग सुटे केले म्हणजे पडवींत पसरलेल्या वर्तमानपत्रांवर दीडदोनशें वस्तु मांडल्या जातात. हें दृश्य पाहून मला मिलिंद राजा आणि भिक्षु नागसेन यांच्या संवादाची आठवण होते. आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय, असें नागसेन राजाला विचारीत गेला, आणि राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागलें. पडवींतल्या मांडामांडीकडे बोट दाखवून तोच प्रश्न करतां येईल. पिस्टन म्हणजे इंजिन नव्हे, क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिन नव्हे. त्यांच्यामधील नेमकें अंतर, त्यांचा परस्परांशीं असलेला मेळ, हेंच इंजिन. म्हणून तर जाणता कारागीर प्रत्येक कनेक्टिंग रॉडचें खालचें अर्धें त्याच रॉडबरोबर बांधून ठेवतो, आणि मुख्य बेअरिंगांच्या टोप्यांवर अनुक्रम घालतो. दोन टोप्या दिसावयास सारख्या असतात. परंतु त्यांचीं भोकें ब्लॉकबरोबर एकत्र कातलेलीं असल्यामुळें एकीची जागा दुसरीला चालत नाहीं.

या गोष्टींतून काटकसरीसंबंधीं एक नियम आपोआप निघतो. एकट्या भागाची काटकसर अशी कांहीं वस्तु नसते. व्हॉल्व्ह घांसून वरचा दाब सुधारला आणि खालच्या झिजलेल्या रिंगा तशाच ठेवल्या, तर वाढलेला दाब खालच्या बाजूला वाट शोधतो. सिलिंडर लंबगोल झाला असतां त्यांत केवळ नव्या रिंगा घातल्या तर गोल रिंग लंबगोल भिंतीला नीट टेकत नाहीं. पैसा जातो आणि धूर राहतो. म्हणजे वाचविलेला रुपया कोणाच्या अंगावर पडला, हें पाहिल्यावांचून तो वाचला असें म्हणतां येत नाहीं.

मग वाचवावयाचें तें कोठें? येथें कामाचे तीन वर्ग पडतात. कांहीं वस्तु अशा आहेत कीं त्यांच्यावर हात आंखडूंच नये. हेडचें गॅसकेट एकदां दाबलें गेलें कीं त्याचें आयुष्य संपलें. ऑइल-सील, रिंगा आणि बेअरिंगें यांचेंहि तसेंच. या वस्तूंची किंमत एकंदर कामाच्या मानानें लहान आणि त्यांच्या बिघाडाची किंमत मोठी. दुसऱ्या कांहीं वस्तु मोजून ठरवाव्या लागतात: सिलिंडर, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह-गाइड, टायमिंगची साखळी. माप मर्यादेंत असेल तर जुनी वस्तु सन्मानानें परत बसवावी. नसेल तर तिच्यावर दया करूं नये. आणि तिसऱ्या वर्गांत तीं कामें येतात ज्यांत पैशाऐवजीं स्वतःचे श्रम घालतां येतात. खरी बचत या तिसऱ्या वर्गांत आहे.

व्हॉल्व्ह बसविण्याचेंच काम पाहा. बारीक खरेची पेस्ट लावून, रबरी चकतीच्या काठीनें एकेक व्हॉल्व्ह दोन तळव्यांमध्यें ताक घुसळल्यासारखा इकडून तिकडे फिरवावयाचा. मधून मधून उचलून जागा बदलावयाची. कडेभोंवतीं राखी रंगाची अखंड रेघ उमटली कीं थांबावयाचें. मग हेड उलटें ठेवून त्या खळग्यांत रॉकेल ओतावयाचें आणि खालीं पाझरतें कीं काय तें पाहावयाचें. पाझरलें तर पुन्हां पहिल्यापासून. आठ व्हॉल्व्हांना आठ संध्याकाळ लागल्या तरी त्यांत पेस्टच्या लहान डबीखेरीज खर्च नाहीं. तीच गोष्ट धुण्याची. सिलिंडरच्या भिंतींवर दगड फिरवून तिरप्या उभ्या रेघा पाडल्यावर त्या रेघांत दगडाची खर राहते, आणि ती नुसत्या रॉकेलनें निघत नाहीं. गरम पाणी, साबण आणि कुंचला लागतो. त्यानंतर ऑइल लावून पांढऱ्या फडक्यानें पुसावें. फडकें काळपट झालें तर पुन्हां धुवावें. चौथ्या खेपेलाहि फडकें मळतें, रात्र झालेली असते, आणि पांचव्या खेपेचा साक्षीदार फडक्याखेरीज कोणी नसतो. पाहणारा नसतांना पांचवी खेप करणें, हा या कामांतील धर्म आहे. त्याला दुसरें मोठें नांव देण्याची आवश्यकता नाहीं.

आतांपर्यंतची चर्चा सोपी होती, कारण तींत चांगलें काय हें कळत होतें आणि परवडतहि होतें. अडचण जेथें सुरू होते तें ठिकाण एका उदाहरणानें दाखवितों. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ माध्यमिक शाळेंत गणित शिकवितात. वडिलांच्या मागें राहिलेली पद्मिनी त्यांच्या घरीं उभी होती. इंजिनासाठीं त्यांनीं २५,००० रुपये बाजूला काढले होते. गॅरेजांत सांगितलेला आंकडा त्याच्या दुपटीहून अधिक होता. म्हणून त्यांनीं सुटीच्या दिवसांत, भाड्यानें आणलेल्या चेनब्लॉकच्या आणि दुरुस्तीच्या पुस्तकाच्या आधारानें, काम स्वतःच हातीं घेतलें. इंजिन चालतें झालें कीं गाडी विकावयाची, आणि येणाऱ्या पैशांतून मुलीची प्रवेशाची फी भरावयाची, असें ठरलें होतें. जवळच्या तालुक्यांतील एक तरुण ती घेण्यास तयारहि होता.

सिलिंडर बोअर करून झाले, वाढीव मापाचे पिस्टन आले, आणि मग त्यांनीं क्रँकशाफ्ट मोजला. चारांपैकीं दोन जागा मर्यादेबाहेर लंबगोल निघाल्या. क्रँकशाफ्ट घांसून कमी मापाचीं बेअरिंगें घालणें, हा एकच योग्य उपाय. आणि त्यासाठीं लागणारे पैसे आतां उरले नव्हते. सुट्या भागांच्या दुकानांत कोणीसें सुचविलें कीं, जुन्या बेअरिंगांच्या मागें पातळ पत्र्याची पट्टी घाला आणि ऑइल जरा जाड भरा. सहा महिने ठोका ऐकूं येणार नाहीं. ही युक्ति नवी नाहीं. जुन्या गाड्यांच्या बाजारांत तिला मोठी परंपरा आहे. तरुण येईल, गाडी सुरू करून पाहील, इंजिन गोड बोलेल, व्यवहार पुरा होईल.

शिक्षकांनीं ती पट्टी घातली नाहीं. ब्लॉकला ऑइल चोपडून, जुन्या चादरींत गुंडाळून त्यांनीं तो चार महिने तसाच ठेवला. मुलीची फी पतपेढीकडून कर्ज काढून भरली. तो तरुण तोंपर्यंत थांबला नाहीं. त्यानें दुसरी गाडी घेतली. घरांत या गोष्टीवरून बोलणें झालें, आणि त्यांच्या पत्नीचें म्हणणें मला मुळींच क्षुल्लक वाटत नाहीं. त्या म्हणाल्या, "अहो, जुनी गाडी घेणाऱ्याला जुनी आहे हें ठाऊक असतंच ना? त्यानं विचारलं असतं तर तुम्ही खोटं थोडंच सांगणार होतात? आणि हें व्याज आपण कोणाच्या खात्यावर भरतोंय?" यावर शिक्षकांचें उत्तर इतकेंच होतें: "मोजलं नसतं तर गोष्ट निराळी होती. आतां आंकडा वहींत आहे."

या उत्तरांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि माझ्या मतें या लेखाचा सर्व भार त्यावरच आहे. मोजलें नसतें तर गोष्ट खरोखर निराळी झाली असती काय? शिक्षकांच्या बोलण्याचा सरळ अर्थ घेतला तर ज्ञान हेंच बंधन ठरतें, आणि मग बंधन नको असेल त्यानें मोजूंच नये, असें निघेल. ही पळवाट आपल्या फार ओळखीची आहे. ज्याला खोटें बोलावयाचें धैर्य नसतें तो खरें जाणून घेण्याचें टाळतो. मायक्रोमीटर पेटींतच राहूं द्यावा, ठोका नीट ऐकूं येऊं नये म्हणून इंजिन जरा वेगांतच ठेवावें, आणि उद्यां कोणी विचारलें तर शांत मनानें सांगावें कीं मला तर कांहीं आढळलें नव्हतें. अशा मनुष्याच्या बोलण्यांत एकहि असत्य वाक्य नसतें.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्याच्या आरंभीं एका जहाजाच्या मालकाचें उदाहरण आहे. जहाज जुनें, अनेक वेळां डागडुजी झालेलें. तें समुद्रांत पाठवावें कीं नाहीं, अशी शंका मालकाला येते. तपासणी व दुरुस्ती यांचा खर्च मोठा. तेव्हां तो आपल्या मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, आणखी एक होईल, परमेश्वर या कुटुंबांचें रक्षण करील. असें करतां करतां त्याचा विश्वास प्रामाणिक होतो. जहाज उतारूंसह बुडतें, आणि मालकाला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, त्याचा विश्वास मनापासूनचा होता म्हणून तो निर्दोष ठरत नाहीं. कारण तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि पुढचें पाऊल तर अधिकच कठोर आहे: जहाज बुडालें नसतें, सुखरूप परत आलें असतें, तरीहि त्याचा दोष रतिभरहि कमी झाला नसता. तो केवळ उघडकीस आला नसता, इतकेंच.

हा न्याय आपल्या पडवीला लावून पाहावा. मोजलेला आंकडा लपविणारा आणि मोजण्याचेंच टाळणारा, या दोघांत लोक पहिल्याला अपराधी समजतात आणि दुसऱ्याला फार तर आळशी. मला हा भेद तितकासा मान्य नाहीं. मोजतां येत असतांना, आणि मापावर दुसऱ्याचें कांहीं अवलंबून असतांना, न मोजणें ही लपविण्याचीच एक सोज्ज्वळ रीत आहे. पहिला निदान स्वतःला फसवीत नाहीं. दुसऱ्यानें फसवणुकीचा आरंभच स्वतःपासून केलेला असतो. म्हणून शिक्षकांच्या उत्तरांतील पहिल्या अर्ध्याशीं मी सहमत होऊं शकत नाहीं, आणि दुसऱ्या अर्ध्यापुढें मान लववितों. आंकडा वहींत आला तो त्यांनीं मोजण्याचें टाळलें नाहीं म्हणून. त्यांचा प्रामाणिकपणा पट्टी नाकारण्याच्या आधींच, मायक्रोमीटर पेटींतून काढला तेव्हांच, सुरू झालेला होता.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो यावयासच हवा. ज्याची गाडी उद्यां रस्त्यावर आली नाहीं तर घरीं चूल पेटत नाहीं, त्यानें हें सर्व कोठून करावें? चार महिने थांबण्याची चैन पगारी मनुष्याला शक्य आहे. पतपेढी त्याला कर्ज तरी देते. गरिबाला प्रामाणिकपणा परवडत नाहीं, असा हा आक्षेप आहे. त्यांतील दुःख खरें आहे, पण निष्कर्ष खरा नाहीं. कामचलाऊ दुरुस्ती हें पाप नव्हे. तारेनें बांधलेला सायलेन्सर, दुसऱ्या गाडीचा काढून लावलेला पंप, जुन्या बाजारांत धुंडाळून आणलेलें कार्बोरेटर, यांच्यावरच या देशांतील पुष्कळशी वाहतूक चालत आलेली आहे, आणि तींत पुष्कळ बुद्धि व पुष्कळ धैर्य आहे. कामचलाऊ काम कामचलाऊ म्हणून केलें, त्याची मर्यादा ओळखून गाडी हळू चालविली, आणि विकतांना ती मर्यादा बोलून दाखविली, म्हणजे त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं राहत नाहीं. गरिबीनें मनुष्याच्या हातून उत्तम वस्तु काढून घेतली असेल. वस्तु उत्तम नाहीं, हें सांगण्याची शक्ति तिनें काढून घेतलेली नसते. मात्र या सवलतीला एक मर्यादा आहे. ब्रेक, स्टिअरिंग, चाकांचे बोल्ट, जेथें आपल्या अपुरेपणाची किंमत रस्त्यावरच्या अनोळखी मनुष्याला आपल्या देहानें द्यावी लागते, तेथें कामचलाऊ कांहींच नाहीं. तेथें गाडी उभी ठेवणें हीच काटकसर.

धुराचीहि गोष्ट याच जातीची आहे. ऑइल जाळणारें इंजिन फेंकतें तो निळा धूर मालक स्वतः घेत नाहीं; तो मागच्या सायकलवाल्याला आणि फुटपाथवरच्या मुलाला देतो. इंजिन नीट बांधलें तर तो धूर थांबतो. परंतु उत्तम बांधलेलें पद्मिनीचें इंजिनहि आजच्या नव्या गाडीइतकें स्वच्छ होत नाहीं, कारण धूर शुद्ध करणारें साधन त्याला मुळांतच नाहीं. जुन्या वस्तूवर प्रेम करणाऱ्यांनीं हें ऋण नाकारूं नये. तें फिटत नाहीं. कमी फिरवून कमी मात्र करतां येतें.

आणखी एका बचतीविषयीं बोलल्यावांचून विषय पुरा होत नाहीं, कारण ती आपल्या वर्गाची खास आवडती आहे. इंजिनाचें सर्वच काम घरीं होत नाहीं. सिलिंडर बोअर करणें, क्रँकशाफ्ट घांसणें, हेडची पातळी साधणें, यांसाठीं यंत्र आणि यंत्रावरचा कारागीर लागतो. येथें आलों कीं आपली काटकसर एकाएकीं जागी होते. खोक्यांतल्या पिस्टनची छापील किंमत आपण मुकाट्यानें देतों, आणि मिस्त्रीच्या मजुरींतून शंभर-दोनशें कमी करण्यासाठीं अर्धा तास घालवितों. वस्तूला भाव असतो आणि हाताला नसतो, असा आपला पिढ्यान् पिढ्यांचा समज आहे. मडकीं घडविणारे गोरोबा, मळा शिंपणारे सावतोबा, सोनें तोलणारे नरहरी यांना आपण संतांच्या मालिकेंत वंदन केलें. त्यांच्या धंद्यांना मात्र आपल्या मुलांच्या भवितव्यांत जागा दिली नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांसारखा मुंबईच्या तंत्रशाळेंतील शिक्षक सायकलच्या दुकानापासून आरंभ करून नांगर घडवूं लागला, त्याचें कौतुक आपण केलें. अनुकरण थोड्यांनींच केलें. घरीं एकदां इंजिन बांधणाऱ्याला या बाबतींत एक लाभ हटकून होतो. आठ संध्याकाळ व्हॉल्व्ह घांसल्यावर, शंभरांश मिलिमीटरचा हिशेब हाताच्या स्पर्शानें ओळखणाऱ्या मनुष्यापुढें घासाघीस करण्यास जीभ वळत नाहीं. ती वळत असेल तर त्या आठ संध्याकाळ फुकट गेल्या असें समजावें. स्वतःच्या श्रमानें वाचविलेला रुपया आपला आहे. दुसऱ्याच्या श्रमांतून कापलेला रुपया वाचविलेला नव्हे, घेतलेला आहे.

आतां काटकसर आणि कंजूषपणा यांमधील सीमा कांहींशी स्पष्ट दिसूं लागते. दोन्ही ठिकाणीं पैसा अडतो. परंतु कंजूषपणांत त्याच्या जागीं दुसरें कांहींच येत नाहीं, आणि काटकसरींत त्याच्या जागीं स्वतःचें कांहीं तरी यावें लागतें: वेळ, श्रम, धीर, माहिती, किंवा नुसतें थांबणें. पैशाची ती रिकामी जागा आपण भरली नाहीं तर ती रिकामी राहत नाहीं. कोणी तरी दुसरा ती भरतो. कधीं गाडी घेणारा तरुण भरतो, कधीं मिस्त्री, कधीं मागून येणारा सायकलस्वार. आणि आपली उणीव नेमकी कोण भरणार, हें कळण्याचें साधन एकच आहे: मोजणें.

म्हणूनच मोजण्याचा कंटाळा हा केवळ कारागिराचा दोष नव्हे, तो संसाराचाहि आहे. घरांतील वडील माणसाच्या रक्तांतील साखर आपण तपासून घेत नाहीं, कारण आंकडा आला तर औषध आलें आणि औषध आलें तर खर्च आला. आणि या न तपासण्याला आपण त्यांची प्रकृति उत्तम आहे असें नांव देतों. मुलाला गणित येत नाहीं हें शाळेला उमगूं नये म्हणून सोपी परीक्षा घेतली जाते. संस्थेच्या हिशेबांत खोल पाहूं नये अशी सर्वांची सोय असते. प्रत्येक ठिकाणीं जाड ऑइल भरून ठोका बंद केलेला असतो, आणि सहा महिने सर्वत्र शांतता असते. त्या शांततेचें व्याज पुढें कोणाच्या तरी खात्यावर चढतेंच. शिक्षकांच्या पत्नीनीं विचारलेला प्रश्न म्हणून योग्यच होता, फक्त तो सर्वच घरांत विचारला जावयास हवा.

त्या पद्मिनीचें पुढें काय झालें, हें वाचकांना जाणून घ्यावेंसें वाटेल. दिवाळीच्या सुमारास क्रँकशाफ्ट घांसून आला, इंजिन जोडलें गेलें, आणि कांहीं आठवड्यांनीं गाडी पहिल्या तरुणानें देऊं केलेल्या किंमतीहून कमी किंमतीला एका वयस्क गृहस्थांनीं घेतली. शिक्षकांनीं किल्लीबरोबर वहीचें एक पान फाडून त्यांना दिलें. त्यावर प्रत्येक सिलिंडरचें आणि क्रँकशाफ्टच्या प्रत्येक जागेचें माप, आणि जें जुनेंच ठेवलें होतें त्याची यादी होती. गृहस्थांनीं तें न वाचतांच घडी करून खिशांत घातलें. व्यवहाराच्या हिशेबांत त्या पानाला कांहींच मोल आलें नाहीं. आणि मोल येणार नाहीं हें ठाऊक असतांनाहि तें पान देणें, हीच मला काटकसरीची खरी नीति वाटते. कारण थोड्या पैशांत मनुष्याला उत्तम वस्तु देतां येईलच असें नाहीं, पण ती वस्तु खरोखर केवढी आहे, हें सांगावयास त्याला पैसे पडत नाहींत.